आडवा बैल, उभा मोबाईल

सोनईत आत्याच्या पडवीत मी लॅपटॉप उघडून वेबसाईट दाखवली, तेव्हा गोंडे वळणाऱ्या सगळ्या बाया हातातला दोरा टाकून माझ्याभोवती जमल्या. पडद्यावर लाल मखमलीची झूल उलगडायची, तिच्यामागून घुंगुरमाळा सरकत यायच्या आणि वर हलगीचा आवाज. हलगी मी हौसेनं घातली होती. बैलांच्या साजाचं दुकान आहे आणि हलगी नाही, हे मला पटेचना. आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, "लगीनघर वाटतंय गं." मी इतकी खूश झाले की पुन्हा दाखवलं, आणि कुणी मागितलं नव्हतं तरी आणखी एकदा दाखवलं.

तेवढ्यात मामा रानातून आले. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. सकाळी मी त्यांच्या मोबाईलवर दुकानाची लिंक पाठवली होती आणि बांधावर उघडून बघा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. पांढरा पडदा, मधोमध एक गोल, आणि तो गोल फिरतोय. मामा शांतपणे म्हणाले, "कपाशीला खत घालून झालं, भाकर खाऊन झाली, ही बया आजून फिरतीच हाय."

बाया खिदळल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, रेंज नसेल. मामा म्हणाले, रेंज होती, त्याच बांधावरून त्यांनी कांद्याचे भाव बघितले होते आणि पुतण्याशी भांडणही केलं होतं. म्हणजे घोडं कुठं पेंड खातंय ते उघड होतं. ते माझ्याच वेबसाईटमध्ये खात होतं.

मी शहरात, सावेडीत राहते आणि घरी बसून वेबसाईट बनवते. कपड्यांची दुकानं, क्लासवाले, एक केकवाली. माझी गिऱ्हाइकं शहरातली आणि त्यांचीही गिऱ्हाइकं शहरातली. घरात वायफाय, हातात चांगला मोबाईल. त्यांच्या साईटवर काहीही लादलं तरी ती पटकन उघडते, आणि लोक मला हुशार म्हणतात. सोनईच्या बांधावर माझी हुशारी पांढऱ्या पडद्यावर गोल फिरत बसली होती.

आत्याचा धंदाच निराळा. पोळ्याला बैलाच्या अंगावर जे जे चढतं ते तिच्या पडवीत तयार होतं. पाठीवरची झूल, शिंगांचे गोंडे, गळ्यातली घुंगुरमाळ, कपाळावरचं बाशिंग. पूर्वी ती हे सगळं गाठोड्यात बांधून बाजार करायची, आणि पोळ्याच्या आधीच्या बाजारात तिचं गाठोडं रिकामं होऊन यायचं. आता ट्रॅक्टर आले आणि एकेका गावात बैल बोटावर मोजण्याइतके राहिले. पण बैल संपलेले नाहीत, विखुरलेत. शर्यतीचे शौकीन आहेत, ऊसतोडीच्या टोळ्यांतले गाडीवान आहेत, डोंगरकडेला जिथं ट्रॅक्टर चालत नाही तिथले शेतकरी आहेत. ते काही आत्याच्या गाठोड्यापाशी येणार नाहीत, गाठोडंच त्यांच्या मोबाईलात गेलं पाहिजे, हे मी तिला पटवलं होतं. तिनं मानलं, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. या पोळ्याला माल हलला तर ठीक, नाहीतर पडवीतलं काम बंद. गेल्या पोळ्याच्या झुली अजून माळ्यावर होत्या.

काम बंद झालं असतं तर बाकीच्या बायांचं कसंबसं भागलं असतं, त्यांच्या घरी थोडी थोडी शेती होती. एकीचं भागणार नव्हतं. ती पाथर्डीकडची. लग्न झाल्यापासून दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. नवऱ्याची कंबर कामातून गेली तेव्हा दोघं सोनईत येऊन राहिली आणि ती आत्याकडे गोंडे वळू लागली. ऊसतोडीचा कोयता एकट्याचा नसतो. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, म्हणून टोळीचा मुकादम माणसं दोघादोघांनीच घेतो. पडवी बंद झाली तर तिला पुन्हा टोळीत जावं लागणार होतं, आणि नवऱ्याच्या जागी बरोबर न्यायची ती अकरावीतली लेक. मुकादमाचे निरोप येत होते. पोळ्यानंतर सांगते, म्हणून तिनं त्याला थोपवलं होतं. हे सगळं तिनं मला दोरा वळता वळता सांगितलं, आवाज न बदलता. मला ते फार लागलं.

मग मी सावेडीला परतलेच नाही. उंटावरून शेळ्या हाकून हे काम व्हायचं नाही, हे मला कळलं होतं. आत्याचा गोठा मी तपासणीची जागा म्हणून पकडला. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी दगडी भिंत, आणि रेंज जेमतेम एक काडी. हातात आत्याचा जुना, काचेला तडा गेलेला मोबाईल. माझा हिशेब सोपा होता. या मोबाईलवर या गोठ्यात दुकान उघडलं, तर ते जगात कुठंही उघडेल.

पहिल्यांदा हलगी काढली. काढताना जीव तुटला, पण बांधावरच्या माणसाचं नेट त्या हलगीतच संपत होतं आणि आवाज ऐकायला तो थांबतच नव्हता. मग आपोआप सरकणाऱ्या घुंगुरमाळा काढल्या. मग वळणदार अक्षरं, जी माझी फार लाडकी होती. मग ती मधेच उघडणारी चौकट, जी दुकानात पाय ठेवायच्या आधी माणसाला नाव-पत्ता विचारायची. आत्याला ती चौकट पहिल्यापासून आवडत नव्हती. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, असं तिचं म्हणणं.

खरं वजन फोटोंचं होतं. कॅमेऱ्यातून निघाले तसेच्या तसे मी ते वर चढवले होते. एकेक फोटो भिंतीवर लावता येईल एवढा मोठा, आणि तो बघायचा तळहाताएवढ्या पडद्यावर. मी ते सगळे बारीक केले, इतके की झुलीवरची जरीची नक्षी दिसावी पण वजन राहू नये. वरचा एक फोटो आधी उतरावा आणि खालचे बोट सरकवल्यावरच उतरावेत, अशी सोय केली. फोटो यायला क्षणभर उशीर झालाच, तर तिथं पांढरं न दिसता झुलीचा लाल रंग दिसावा, हेही सुचलं. हे सुचल्यावर मी एकटीच टाळी वाजवली.

प्रत्येक बदलानंतर मी लॅपटॉप पडवीत ठेवायचे, आत्याचा मोबाईल घ्यायचे आणि गोठ्यात पळायचे. गोल फिरायचा. परत यायचं, आणखी काही काढायचं, परत पळायचं. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की पोरगी एवढी शिकली आणि शेवटी म्हशीपाशी जाऊन बसली. मला राग यायलाही वेळ नव्हता. गोल दर खेपेला थोडा कमी फिरत होता आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. जेवायला हाक मारली तरी मी गोठ्यातून ओ द्यायचे.

आणि एका सकाळी मी दारात वाकून आत शिरेपर्यंत दुकान उघडलेलं होतं. मला खरंच वाटेना. बंद केलं, पुन्हा उघडलं. झटकन लाल रंग, आणि लगेच झूल. मी एवढ्यांदा ओरडले की म्हैस दावं ताणून उभी राहिली आणि मामा बाहेरून विचारायला लागले, साप निघाला का? मी त्यांना हाताला धरून गोठ्यात ओढलं. त्यांनी मोबाईलकडे बघितलं, खिशातून स्वतःचा काढून त्यावरही उघडलं, आणि आता ही बया चालायला लागली, एवढंच म्हणाले. मामांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे सत्कारच.

आता दुकान देखणं करायचं होतं. खाटेवर पसरून काढलेली झूल कितीही भारी असली तरी चादरीसारखीच दिसते. झूल शोभते बैलावर. शेजारी एकाची खिल्लारी जोडी होती, पांढरीशुभ्र, शिंगं आभाळाला टेकलेली. बायांनी एका बैलाला नखशिखांत सजवलं, दुसरा बाभळीखाली रवंथ करत बसला. मी मोबाईल उभा धरला आणि तेव्हा लक्षात आलं की बैल आडवा असतो.

ही अडचण कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. अख्खा बैल पडद्यात घ्यायचा तर मागे जावं लागे, मग वर आभाळ, खाली चिखल आणि मधे उंदराएवढा बैल. जवळ गेलं की नुसतं पोट. मोबाईल आडवा धरावा तर बघणारा माणूस तो कधी आडवा करत नाही, मामा तर मुळीच नाही. पुष्कळ खटपट केल्यावर मी समोर गेले आणि फक्त तोंड धरलं. कपाळावर बाशिंग, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ, काळेभोर डोळे. उभ्या पडद्यात काठोकाठ बसलं. फोटो बघून मी हरखले. तोच पहिल्या पानावर लावला, खाली अंगठा जिथं सहज टेकतो तिथं "घरी मागवा" असं मोठं बटण दिलं, आणि मामांनी लिंक बैलवाल्यांच्या सगळ्या ग्रुपांवर सोडली.

लोक आले. भराभर आले. किती जण दुकानात येतात ते माझ्या लॅपटॉपवर दिसतं, आणि मी ते क्रिकेटच्या स्कोअरसारखं मोठ्यानं सांगत होते. पण सगळे पहिला फोटो बघत आणि निघून जात. कुणी पुढची झूल बघेना, बटणाला हात लावेना. सकाळची दुपार झाली, दुसरा दिवस उजाडला, तेच. बाया विचारायच्या बंद झाल्या. पाथर्डीकडच्या बाईनं तर माझ्याकडे बघायचंच टाळलं, आणि पोळा जवळ येत चालला होता. मी साईट पुन्हा पुन्हा गोठ्यात नेऊन तपासली. ती धडधाकट होती.

मग फोन आला. साईटवर माझाच नंबर होता. शेवगावकडचे एक वयस्क गृहस्थ, आवाज अगदी हळू.

"ताई, फोटू बघितला. लई देखना बैल हाय. जोडीदार कवा गेला वो त्याचा?"

मला कळेना, कुणाचा जोडीदार. मी तसं विचारलं.

"दुसरा बैल वो. येकट्याचाच फोटू हाय म्हंजी जोड मोडली आसंल. लई वंगाळ झालं. धीर धरा."

त्यांनी माझं सांत्वन केलं. खरोखर, मनापासून. त्यांचाही एक बैल गेल्या साली गेला होता, तेव्हा घरात चूल पेटली नव्हती, हे सांगितलं. साज मात्र घेता येणार नाही म्हणाले, मोडल्या जोडीचा साज आपल्या बैलांवर कसा घालायचा. त्यांच्या गावच्या ग्रुपवरही सगळे हळहळत होते, त्यांनी सांगितलं. सोनईत कुणाची तरी जोड मोडली आणि बिचारे साज विकायला निघाले, अशी बातमी सगळीकडे झाली होती. साईट वेगानं उघडत होती ना, बातमीही तितक्याच वेगानं गेली होती.

मी पडवीत येऊन हे सांगितलं तेव्हा आत्यानं कपाळावर हात मारला. फोटो बघून तिच्याही काळजात लक्क झालं होतं. "मला वाटलं, मोबाईलात येकच मावत आसंल," ती म्हणाली. आमच्याकडे पोळ्याला एकटा बैल सजवून कुणी उभा करत नाही. एक दगावला तर शेजाऱ्याचा मागून आणतात, जोड लावतात, मगच मिरवतात. हे मीही लहानपणापासून बघत आले होते. पण मोबाईल उभा, म्हणून मी जोडी कापली होती, आणि वर बटणापुढे लिहिलं होतं, नग एक.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या अंगात वारं शिरलं. दोन दिवस ज्याला शोधत होते ते दुखणं सापडलं होतं, आणि तेही असलं गोड दुखणं. लोक बैल नापसंत करत नव्हते, त्याच्यासाठी हळहळत होते. मी लगेच शेजारी गेले आणि दोन्ही बैल सजवा म्हणून मागे लागले.

दोन्ही समोरून धरले तर शिंगं पडद्याबाहेर जाऊ लागली. एक शिंग कडेला कापलं गेलं की आत्या मागून म्हणायची, शिंग मोडल्यावानी दिसतंय. मागे गेलं की पुन्हा आभाळ आणि चिखल. एकावर एक असे दोन चेहरे लावून बघितले, तर ते एकमेकांशी बोलत नसल्यासारखे दिसू लागले. ऊन चढलं. शेजाऱ्याला रानात जायचं होतं, त्यानं कंटाळून बैल तसेच, साजासकट, गाडीला जुंपले आणि मला म्हणाला की बसायचं तर बसा, वाटेत काढा काय काढायचं ते. मी चढले. त्याच्या शेजारी, पुढच्या बाजूला.

आणि समोर बघितलं. दोन पाठी अगदी शेजारी शेजारी, दोन्हींवर लाल झूल, पुढे दोन वशिंडं, त्यापुढे चार शिंगं वर गेलेली आणि गोंडे हलतायत. मधून सरळ वाट. मी मोबाईल उभा धरला. सगळं त्यात बसलं, काही कापलं गेलं नाही, काही उरलं नाही. गाडीवान बैलांना रोज बघतो तो असाच, आणि माझी गिऱ्हाइकं सगळी गाडीवान. गाडी हलत होती, म्हणून त्याला ती थांबवायला लावली. त्यानं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, काही नाही, जमलं. मग किती फोटो काढले मला माहीत नाही. शेवटी बैलांनीच कंटाळून पुढे चालायला सुरुवात केली.

पडवीत येऊन मी "नग एक" काढलं आणि "एक जोडी" लिहिलं. किंमत जोडीची, माल जोडीचा, दोन्ही झुली एकाच कापडाच्या. फोटोखाली आत्यानं सांगितलेली ओळ घातली की साज सगळा नवा आहे आणि जोडीनंच मिळेल. गोठ्यात पळत गेले. उघडलं. मग बाहेर येऊन मीच शेवगावच्या त्या गृहस्थांना फोन लावला आणि बोलता बोलता दुकान पुन्हा उघडून बघा म्हटलं. माझ्याभोवती सगळ्या बाया उभ्या होत्या, पाथर्डीकडचीसुद्धा.

"हां," ते म्हणाले. "आता कसं. आमाला येक जोड पाठवा."

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवतच नाहीत. नुसता मोबाईलचा आवाज आठवतो. बेलापूर, जामखेड, राहुरी, पार बीडकडची गावं. शर्यतवाले जास्त चोखंदळ, त्यांना गोंडे पिवळेच हवे. एका टोळीतल्या गाडीवानांनी मिळून साज मागवला आणि पैसे आधी पाठवून दिले. माळ्यावरच्या झुली खाली आल्या आणि गेल्या. मामा टेम्पो घेऊन पार्सलं पोचवायला जात आणि येताना मखमल आणत. मी पत्ते लिहायला बसले की आत्या ओळी वाकड्या जातात म्हणून रागवायची, आणि मी हसत सुटायचे. पोळ्याच्या दिवशी वेशीतून जोड्या निघाल्या तेव्हा पडवीतल्या बाया बघायलासुद्धा उठल्या नाहीत, कारण पुण्याकडच्या मागण्या सुरू झाल्या होत्या. तिकडे पोळा भादव्यात असतो. पडवी बंद करायची गोष्ट आत्यानं पुन्हा काढली नाही. तिनं दोऱ्याची नवी पोती उतरवून घेतली, एवढंच.

पोळ्यानंतर एका दुपारी मुकादम आला. मोटारसायकल दारात लावून पडवीच्या पायरीवर बसला. आत्यानं त्याला चहा दिला. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांची विचारपूस केली, नवऱ्याच्या कंबरेचं विचारलं. मग पाथर्डीकडच्या बाईला म्हणाला की टोळी ठरवायची आहे, तुझं धरू ना?

मी खांबाला टेकून उभी होते. माझ्या हातातला मोबाईल दोनदा वाजला, मी बघितलं नाही.

तिनं मान वर केली नाही. "न्हाई," म्हणाली.

मुकादमानं चहाचा घोट घेतला. घरात विचारून सांग, लेकीशी बोल, असं काहीसं म्हणाला, आणि लेक आहे कुठं म्हणून आत डोकावला.

"कालेजात गेलीया," ती म्हणाली. "पाचच्या यष्टीनं यील."

एवढंच. तो आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून बसून राहिला, पण तिनं गोंड्याची गाठ दातानं आवळली आणि दोरा तोडला. चहा संपवून तो निघाला. मोटारसायकलचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला. मला नाचावंसं वाटत होतं. आत्या डोळे पुसत चुलीकडे गेली.

पाथर्डीकडच्या बाईनं तयार गोंड्यांची जोडी माझ्या पुढ्यात ठेवली आणि नवा दोरा ओढला. "ताई, पुढली जोड कुठली?"

मी मोबाईल बघितला. "जुन्नर," म्हटलं.